चौदाव्या वर्षी पहिले काम : शोधावे कोठे आणि मागावे कसे?

निळी वही (धागाकर्ती)

माझ्या मुलीला नुकतीच चौदा वर्षे पूर्ण झाली असून गेले दोन महिने तिने ‘मला काम करायचे आहे’ असा धोशा लावला आहे. घरात पैशांची अडचण आहे असे नाही आणि हातखर्चाला ती काही मागते तेव्हा आम्ही सहसा नाही म्हणत नाही. पण तिचे म्हणणे असे की, मागून घेतलेल्या पैशांचा हिशेब द्यावा लागतो आणि मिळवलेल्या पैशांचा द्यावा लागत नाही. (या युक्तिवादाला मला अद्याप उत्तर सुचलेले नाही.)

सुट्टी लागल्यावर तिने पाच-सहा ठिकाणी स्वतः जाऊन विचारले. एका ठिकाणी ‘मोठी झालीस की ये’ असे सांगण्यात आले, दुसऱ्या ठिकाणी पूर्वीचा अनुभव विचारला गेला, तर तिसऱ्या ठिकाणी फोन नंबर लिहून घेतला आणि पुढे काहीच झाले नाही. तिने स्वतःची दोन पानी माहिती संगणकावर सुबक टंकून नेली होती, त्यात छंद, आवडता विषय, शाळेतील बक्षिसे असे सर्व काही होते. शेवटच्या ठिकाणाहून परतल्यावर तिने तो कागद चार घड्या घालून कंपासपेटीत ठेवून दिला आणि त्यानंतर त्याविषयी बोलली नाही.

माझे प्रश्न असे आहेत : या वयाला कायद्याने कोणते काम करता येते, असे काम मिळते कोठे, ते मागण्याची योग्य रीत कोणती, आणि आई म्हणून मी यात कितपत पडावे?

कायदेपंडित नव्हे

आपण कोणत्या देशात राहता हे लिहिलेले नाही आणि येथील वाचकही चहूकडे विखुरलेले आहेत, म्हणून आधी सर्वसाधारण चौकट मांडतो.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७३ सालच्या १३८ क्रमांकाच्या करारानुसार नोकरीचे किमान वय १५ वर्षे असून ते सक्तीचे शालेय शिक्षण संपण्याच्या वयापेक्षा कमी असता कामा नये; आरोग्याला किंवा शाळेला बाधा येणार नाही अशा ‘हलक्या कामा’ला १३ वर्षांपासून परवानगी देता येते, आणि धोक्याच्या कामासाठी मात्र १८ वर्षांची अट आहे. अर्थव्यवस्था व शिक्षणव्यवस्था पुरेशी विकसित नसलेल्या देशांना हीच मर्यादा सुरुवातीला १४ आणि १२ ठेवण्याची मुभा आहे.

प्रत्यक्ष कायदे देशागणिक बदलतात. भारतात १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास बंदी आहे. शाळेच्या वेळेबाहेर कुटुंबाच्या स्वतःच्या बिनधोक व्यवसायात केलेली मदत आणि काही अटींवर केलेले कलाकाराचे काम एवढेच अपवाद आहेत. १४ ते १८ या वयाला कायदा ‘किशोरवय’ म्हणतो आणि त्यांना खाणी, स्फोटके व ज्वलनशील पदार्थ, धोकादायक प्रक्रिया यांपासून दूर ठेवतो. शिवाय विश्रांती व वाट पाहण्याचा वेळ धरून दिवसाला सहा तासांची मर्यादा आहे, सलग तीन तासांनंतर किमान एक तासाची विश्रांती आहे, आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत काम देता येत नाही. अमेरिकेत १४ व १५ वर्षांच्या मुलांना शाळेच्या दिवशी तीन तास आणि शाळेच्या आठवड्यात अठरा तास ही संघराज्याची मर्यादा आहे. ब्रिटनमध्ये अर्धवेळ काम साधारणपणे १३ व्या वर्षापासून करता येते, पण बहुतेक ठिकाणी स्थानिक परिषदेचा परवाना मालकाला घ्यावा लागतो, आणि शाळेच्या दिवशी दोन तासांपेक्षा अधिक काम चालत नाही. जर्मनीत १३ वर्षांपुढील मुलांना पालकांच्या संमतीने दिवसाला साधारण दोन तास हलके काम करता येते.

हे सर्व येथे सांगण्याचे कारण असे की, आपल्या मुलीला मिळालेले ‘मोठी झालीस की ये’ हे उत्तर कदाचित तिच्याविषयी नव्हतेच. पुष्कळ मालकांना नियम नेमका काय आहे हे ठाऊक नसते, आणि ठाऊक नसलेल्या गोष्टीत पडण्यापेक्षा नकार देणे त्यांना सोपे वाटते. आपल्या ठिकाणचा नियम एकदा वाचून घ्यावा आणि ‘मला या वेळेत इतके तास काम करता येते’ हे तिनेच सांगावे.

उलटतपासणी

मी विरोधी मत नोंदवतो आणि त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. चौदा वर्षांच्या मुलीने काम शोधावे, हे कौतुकाने बोलण्यासारखे मला वाटत नाही. पोटासाठी राबणारी मुले जगात कोट्यवधींनी आहेत. त्यांना त्यातून बाहेर काढण्यासाठी जे कायदे झाले, त्यांच्यातील फटी आपण हौसेखातर शोधत आहोत. हौसेने आलेली मुलगी आणि नाइलाजाने आलेला मुलगा यांच्यातील फरक तिच्या आईला दिसतो. समोरच्याला मात्र दोन स्वस्त हात दिसतात.

फळा-खडू

उलटतपासणी यांचा शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, पण त्यांनी काढलेला निष्कर्ष मान्य नाही. मी माध्यमिक शाळेत शिकवते. माझ्या एका वर्गात पहाटे वर्तमानपत्रे टाकून येणारा मुलगा होता, आणि पहिल्या तासाला त्याची मान हळूहळू पुढे जाऊन वहीला टेकायची. कंपासमधून पेन्सिल पडल्याच्या आवाजाने तो दचकून उठायचा आणि फळ्यावरचे अर्धवट वाक्य उतरवू लागायचा. त्याच वर्गात शनिवारी दुपारी दोन तास वाचनालयात पुस्तके लावणारी मुलगीही होती. तिच्या निबंधांत त्या वर्षभरात जो फरक पडला तो माझ्या शिकवण्यामुळे पडला असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

दोघेही कामच करत होती, पण एका कामाने झोप खाल्ली होती आणि दुसऱ्याने फक्त दूरदर्शनसमोरचा वेळ खाल्ला होता. म्हणून ‘काम करावे की नाही’ असे विचारण्याऐवजी मी पालकांना ‘हे काम कशाच्या जागी येणार आहे’ असे विचारते. झोपेच्या, जेवणाच्या, खेळाच्या किंवा अभ्यासाच्या जागी येणार असेल तर ते कितीही चांगले असले तरी नको. परीक्षेच्या काळात सुट्टी मिळेल का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. त्या प्रश्नावर कपाळाला आठी घालणाऱ्या माणसाकडे मुलाला पाठवू नये.

पुठ्ठा-खळ

मी पुस्तक-बांधणीचे छोटे दुकान चालवतो आणि दर सुट्टीत एक-दोन मुलांना मोजणी, पाने जुळवणे, लेबले चिकटवणे अशा कामांना घेतो. कटाई यंत्राजवळ मात्र अठरा वर्षांखालील कोणालाही येऊ देत नाही. टेबलाच्या या बाजूने काय दिसते ते जरा सविस्तर लिहितो, कारण मुलांना हे कोणी सांगत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे, मुले चुकीच्या वेळी येतात. सकाळी दुकान उघडताना किंवा गिऱ्हाइकांची गर्दी असताना कोणी ‘काम आहे का’ असे विचारले तर माझ्या तोंडून ‘नाही’च निघते, आणि ते उत्तर मी विचार करून दिलेले नसते. तोच मुलगा दुपारच्या सुमारास, माझे हात रिकामे असताना आला तर मी निदान त्याचे नाव विचारतो.

दुसरी गोष्ट अशी की, ‘काम आहे का’ हा प्रश्नच वाईट आहे. त्याने कामाचा विचार करण्याची जबाबदारी माझ्यावर येते. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा आला आणि म्हणाला, ‘काका, तुमच्या मागच्या फळीवरच्या वह्यांचे गठ्ठे वेगवेगळ्या आकारांचे एकत्र झाले आहेत. मी सोमवार ते शुक्रवार तीन ते पाच मोकळा आहे. ते लावून, मोजून, प्रत्येकावर चिठ्ठी लावून देऊ का?’ तो गोंधळ मला सहा महिने दिसत होता आणि सहा महिने मी त्याकडे पाठ करून बसलो होतो. त्या मुलाकडे ना अनुभव होता ना दोन पानी माहितीपत्र. त्याने दुकानात उभे राहून पाच मिनिटे डोळे उघडे ठेवले होते, एवढेच.

निळी वही, आपल्या मुलीच्या त्या कागदाला मी नावे ठेवत नाही, पण चौदा वर्षांच्या मुलीचे छंद वाचून मला तिला काय काम द्यावे हे कळणार नाही. त्याऐवजी तळहाताएवढी चिठ्ठी पुरते : नाव, वय, कोणत्या दिवशी किती ते किती मोकळी आहे, नेमके काय करता येते (मराठी टंकलेखन येत असेल तर ते सर्वांत वर), आणि पालकांचा फोन नंबर. तळाशी तिला ओळखणाऱ्या एका शिक्षकांचे किंवा शेजाऱ्यांचे नाव त्यांच्या परवानगीने लिहावे.

तिसरी गोष्ट आपल्या चौथ्या प्रश्नाचे उत्तर आहे. पुष्कळदा आई किंवा वडील मुलाला घेऊन येतात आणि सर्व बोलणे तेच करतात. ‘हा फार हुशार आहे, सांगाल ते करील.’ मूल तेवढा वेळ काउंटरवरच्या स्टेपलरकडे पाहत उभे असते. अशा मुलाला मी काम दिले तर उद्या बरे नसल्याचा निरोपही आईच देणार, हे मला तेव्हाच दिसते. आपण जरूर यावे, पण दुसऱ्या दिवशी. जागा पाहायला, माझ्याशी बोलायला, आणि मी कोण माणूस आहे हे पारखायला. विचारायला मात्र तिला एकटीने किंवा मैत्रिणीबरोबर पाठवावे.

नवीन मुलाला मी दोनशे लेबले मोजायला देतो. काही जण एकापासून दोनशेपर्यंत सलग मोजतात आणि मध्येच मी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. काही जण दहा-दहाचे ढीग करतात. आणि क्वचित एखादे मूल शेवटी येऊन सांगते, ‘एकशे सत्त्याण्णवच आहेत.’ मी मुद्दामच तीन कमी ठेवलेली असतात.

चौकस

पुठ्ठा-खळ, जी मुले एकशे सत्त्याण्णव लेबलांना ‘दोनशे झाली’ म्हणतात त्यांना आपण परत पाठवता काय?

पुठ्ठा-खळ

नाही, त्यांना पुन्हा मोजायला देतो. दुसऱ्यांदाही दोनशेच निघाली तर चिकटवण्याच्या कामाला बसवतो.

रात्रपाळी

मी संगणक सुरक्षेच्या क्षेत्रात आहे, त्यामुळे घराबाहेर न पडता मिळणाऱ्या कामाविषयी सावध करणे मला आवश्यक वाटते; बाहेर तीन ठिकाणी नकार मिळालेले मूल चौथ्यांदा मोबाइलमध्येच काम शोधते.

फसवणुकीचे प्रकार ठरलेले आहेत. नोंदणीसाठी, प्रशिक्षणासाठी किंवा ‘किट’साठी आधी पैसे मागणारे काम हे काम नसते, मजुरी देणारा मजुराकडून पैसे घेत नाही. व्हिडिओ पसंत करा, हॉटेलांना तारे द्या, अशी ‘टास्क’ देणारे लोक पहिल्या दोन-तीन दिवशी खरोखर थोडे पैसे पाठवतात, आणि विश्वास बसला की मोठ्या कामासाठी रक्कम भरायला सांगतात. तिसरा प्रकार सर्वांत वाईट आहे आणि त्यात अल्पवयीन मुले हेरली जातात : ‘तुझ्या खात्यात पैसे येतील, ते पुढे पाठव, त्यातले थोडे तू ठेव.’ ते पैसे चोरीचे असतात, आणि माग काढत येणाऱ्या पोलिसांना पहिले नाव सापडते ते खातेदाराचे. आपले बँक खाते, सिम कार्ड किंवा ओटीपी दुसऱ्याला वापरू देणे याला कोणत्याही परिस्थितीत होकार देऊ नये, हे मुलांना फसवणूक घडण्याआधी सांगून ठेवावे.

खरे ऑनलाइन काम या वयाला फार थोडे असते. स्वतंत्र कामे मिळवून देणाऱ्या अनेक संकेतस्थळांवर १८ वर्षांची अट असते, आणि वय खोटे लिहून उघडलेले खाते पैसे काढायच्या वेळी ओळखपत्र मागितले की बंद होते. केलेल्या कामाचे पैसे तसेच अडकतात. त्यापेक्षा ओळखीच्या माणसाचे हस्तलिखित टंकून देणे, कौटुंबिक छायाचित्रे स्कॅन करून नावानिशी लावणे, एखाद्या आजोबांना मोबाइल शिकवणे ही कामे संगणकाचीच आहेत, फक्त ती देणारा माणूस डोळ्यांसमोर असतो.

चौकस

पैशांविषयी कोणीच बोललेले नाही. मी पंधराव्या वर्षी एका दुकानात महिनाभर काम केले. मालक अतिशय गोड बोलत असत आणि दर शनिवारी ‘शेवटी एकदम देतो, म्हणजे तुझ्या हातात मोठी रक्कम येईल’ असे सांगत. महिना संपल्यावर त्यांनी माझ्या हातात ठेवलेली रक्कम मी मनात धरलेल्या रकमेच्या निम्मीही नव्हती. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘तू सलग कुठे आलास? मध्ये पाच दिवस नव्हतास.’ मी दोनच दिवस गेलो नव्हतो, पण माझ्याकडे ते सिद्ध करायला काही नव्हते आणि त्यांच्याकडेही नव्हते; फरक इतकाच की गल्ला त्यांच्याकडे होता.

तेव्हापासून मी प्रत्येक मुलाला सांगतो की, पहिल्या दिवशी एक छोटी वही घ्यावी. तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ एवढे तीन रकाने, आणि आठवड्याच्या शेवटी त्याखाली मालकांची लहानशी सही. सही मागायला संकोच वाटतो, म्हणून ती पहिल्याच आठवड्यात मागावी. चौथ्या आठवड्यात मागितली तर तो अविश्वास वाटतो. मजुरी दर आठवड्याला घ्यावी. ‘आधी शिकून घे, मग पैशांचे पाहू’ असे कोणी म्हणाले तर शिकण्याचे दिवस किती ते तेथेच ठरवावे, आणि ते दोन-तीन दिवसांहून अधिक असतील तर नमस्कार करून निघावे.

कायदेपंडित नव्हे

चौकस यांच्या सूचनेला पुस्ती जोडतो. अनेक देशांच्या कायद्यांत अल्पवयीन व्यक्तीने केलेला करार तिच्यावर बंधनकारक नसतो; भारताच्या १८७२ च्या करार कायद्यानुसार तर १८ वर्षांखालील व्यक्ती करार करण्यास पात्रच नाही. त्यामुळे मुलाला कोणी बाँडवर किंवा ‘सहा महिने सोडता येणार नाही’ अशा कागदावर सही करायला सांगत असेल तर ती करू नये. मी सुचवीन तो कागद कोर्टासाठी नसून आठवणीसाठी आहे : काम, वेळ, दर, पैसे देण्याचा वार, सुट्ट्या. पाच ओळी, दोन प्रती, पालकांना माहीत असलेला.

उलटतपासणी

मी माझे मत मागे घेत नाही; पण वर लिहिलेल्या अटी पाळल्या गेल्या तर ज्याला मी विरोध करत होतो ते काम बरेचसे उरतच नाही, हे मान्य करतो. एक अट माझ्याकडून वाढवावी : मुलीला कोणतेही कारण न देता काम सोडण्याची मोकळीक घरातून असावी. ‘शब्द दिला आहेस, आता महिना पूर्ण कर’ हे आईवडिलांचे वाक्य चांगल्या हेतूचे असते, पण एखाद्या ठिकाणी तिला कोणाची नजर किंवा बोलणे विचित्र वाटले तर याच वाक्यामुळे ती घरी काही सांगणार नाही.

फळा-खडू

याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. शिवाय बंद दाराआड एकट्या माणसाबरोबरचे काम या वयात नको, कोठे आणि किती वाजेपर्यंत आहे हे घरी रोज माहीत हवे, आणि ही काळजी मुलग्यांच्या बाबतीतही तेवढीच घ्यावी. त्यांच्या बाबतीत आपण ती विसरतो.

निळी वही (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनंतर लिहीत आहे, कारण सांगण्यासारखे काही घडल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

हा धागा मी तिला वाचायला दिला. तिने कंपासपेटीतला कागद काढून त्याच्या कोऱ्या बाजूवर पुठ्ठा-खळ यांनी सांगितल्याप्रमाणे चिठ्ठी लिहिली. दुकानांत पुन्हा जायला ती तयार नव्हती, म्हणून तिने आमच्याच इमारतीतील ओळखीच्या सात घरांची यादी केली आणि प्रत्येक घरात कोणते काम पडून राहिले असेल याचा अंदाज लिहिला. सातपैकी चार घरांनी नको म्हटले, दोघांनी ‘कळवू’ म्हटले. सातव्या घरी निवृत्त आजोबा आणि आजी राहतात. आजोबांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली असून त्यांना काही आठवडे वाचता येणार नाही. ती आता मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी पाच ते सहा त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवते, आणि त्यांनी सांगितलेली पत्रे टंकून देते. दर ठरवताना मी तेथे नव्हते. ती परत आली तेव्हा मी मनात धरलेल्यापेक्षा तो थोडा अधिक निघाला, त्यामुळे मी पुढे काही बोलले नाही. वहीत आजींची सही असते.

पुढचा प्रश्न तिचा आहे आणि तिनेच तो येथे विचारायला सांगितला आहे. गेल्या गुरुवारी अग्रलेख वाचता वाचता वीस मिनिटांनी आजोबांना झोप लागली. आजी स्वयंपाकघरात होत्या. उठवणे तिला बरे वाटेना आणि निघून जाणेही बरे वाटेना, म्हणून ती उरलेली चाळीस मिनिटे हळू आवाजात वाचतच राहिली. वहीत तिने गेल्याची वेळ अद्याप लिहिलेली नाही. पाच वाजून वीस मिनिटे लिहावी, की सहा?

पुठ्ठा-खळ

सहा लिहावी. आणि आजोबा जागे झाले की अग्रलेख कोठपर्यंत ऐकला होता ते विचारून तेथून पुढे वाचावा.

चौकस

सहाच लिहावी, पण सही घेताना आजींना झोपेचे सांगावे. त्या कदाचित म्हणतील की, शस्त्रक्रियेनंतर ते पहिल्यांदाच दुपारचे नीट झोपले.

निळी वही (धागाकर्ती)

तिने सहा लिहिले आणि आजींना सांगितले. आजी म्हणाल्या, ‘रोज झोपतात. तू मोठ्याने वाचत जा.’